टुंग वाजेना

...आणि वर तो मशीन विकणारा मलाच विचारतो, ‘सर, तुम्हाला नेमकं कसलं मशीन पाहिजे?’ अरे बाबा, मी केस कापणारा माणूस! मला कात्री विचार, वस्तरा विचार, कार्डाच्या मशीनमधलं मला काय कळतंय, कपाळ? मी काय मागितलं होतं हो? कार्ड लावावं, टुंग वाजावं, गिऱ्हाईक उठावं. बास!

हौस नव्हती मला, तुम्हाला सांगतो! पण समोर ते नवीन सलून उघडलं, काचेचं, गार हवेचं, आणि माझी इतक्या वर्षांची गिऱ्हाइकं माझ्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडायला लागली. का? तर तिथे कार्ड चालतं! ही म्हणाली, ‘अहो, मशीन घ्या, नाहीतर आपण दोघंच एकमेकांचे केस विंचरत बसू.’ घेतलं.

पहिलं वायरवालं. वायर केवढी, तर गल्ल्याच्या कडेला येऊन संपते, खुर्चीपर्यंत पोचतच नाही! परत. दुसरं मोबाइलला जोडायचं. मोबाइल हिच्याकडे, आणि ही बहिणीशी बोलत्येय... गिऱ्हाईक कार्ड धरून उभं आणि ही खुणेनं सांगते, ‘थांबा, तिच्या सासूचं चाललंय!’ परत. तिसऱ्यात कार्ड सरकवायची फट. तो विकणारा फुंकर मारून म्हणतो, ‘सर, यात केस गेलेत.’ मग सलूनमध्ये काय उडणार, फुलं? मी काय मागितलं होतं हो? कार्ड लावावं, टुंग वाजावं, गिऱ्हाईक उठावं!

मग आलं चौथं. फट नाही, वायर नाही, स्वतःचं सिमकार्ड. वा! फक्त माझ्या दुकानात रेंज नाही. आरशापाशी नाही, बेसिनपाशी नाही, स्टुलावर चढलो तरी नाही... तेवढ्यात मास्तर आले. माझे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. त्यांची पद्धत अशी, की गालांवर फेस मुरेपर्यंत पैसे देऊन मोकळं व्हायचं, शाळा गाठायची असते ना! झालं. मी मशीन डोक्यावर धरून पुढे, मास्तर तोंडभर फेस आणि गळ्यात माझं कापड घालून मागे, सगळा रस्ता बघतोय... आणि रेंज आली कुठे? समोरच्याच्या पायरीवर!

टुंग!

तो दार उघडून गोड आवाजात म्हणतो, ‘काका, उन्हात कशाला? मास्तर, फेस वाळतोय, बसा ना, दोन हात फिरवतो.’ आणि मास्तर बसले! फेस माझा, कापड माझं, दाढी त्याने केली! मी तिथे मशीन धरून उभा, रडू की हसू कळेना.

आता रोजचंच झालंय. कार्ड आलं की मी त्याच्या पायरीवर. काल मलाच म्हणाला, ‘काका, मागून फार वाढलेत, बसा.’ चिडलो मी! सरळ तोंड फिरवून निघणार होतो... पण माझे केस एरवी कापतं कोण? ही. ओरडत ओरडत. बसलो.

आणि आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू... कापतो झकास हो!