ऐंशीच्या पुढची थरथर

जावई : ...गाडीला काहीही झालेलं नाही, मिस्त्री. मी स्वतः दोनदा चालवून बघितली. स्टीअरिंग एकदम स्टेबल. हलतात ते बाबांचे हात. तेवढं तुमच्या तोंडून यांना सांगा, म्हणजे विषय संपला.

सासरे : ऐकलंत? हे आमचे जावई. विमा विकतात, त्यामुळे जिथे बघतील तिथे यांना मरण दिसतं.

मिस्त्री : साहेब, चहा घेणार?

सासरे : नको.

जावई : ते हल्ली बाहेर चहा घेत नाहीत.

मिस्त्री : मी त्यांना विचारलं होतं. बरं, तुमचं दोघांचं ठरलंय काय?

सासरे : दोष गाडीत निघाला तर गाडी मी चालवणार. हातांत निघाला तर आज संध्याकाळी किल्ली मुलीच्या हवाली. तिचीच अट आहे. एकेचाळीस वर्षं ही गाडी माझ्याकडे आहे. मुलगी नंतर आली.

मिस्त्री : आणि निकाल मी द्यायचा. झकास. थरथर कधी येते?

सासरे : ऐंशीला सुरू होते, शंभराच्या पुढे गेलं की जाते. पंधरा दिवस झाले.

मिस्त्री : ब्रेक दाबल्यावर वाढते?

सासरे : छे. ब्रेकचा काही संबंध नाही.

मिस्त्री : ह्याला म्हणतात सांगणं. आणि जावईसाहेब, आपण किती वेगाने चालवून बघितलीत?

जावई : नॉर्मल. पन्नास-पंचावन्न.

मिस्त्री : पन्नास! अहो, पन्नासला ही गाडी झोपेत कूस बदलते. माझ्याकडे एक गाडी यायची, तिचं स्टीअरिंग असं हलायचं, असं हलायचं, की बाळाच्या बाटलीतल्या दुधाचं घरी पोचेपर्यंत लोणी झालेलं असायचं. मालक दुरुस्त करू देईना. बायकोने लोण्याचं दुकान टाकलं होतं.

जावई : हे शक्यच नाही.

मिस्त्री : पन्नासने जाणाऱ्याला ते कसं दिसणार? चला, बसा. दोनच सीटा आहेत, साहेब, तुम्ही थांबा इथे. स्टीअरिंग यांच्याच हातात देतो.

(अर्ध्या तासाने. गाडीचं पुढचं चाक जॅकवर.)

सासरे : यांचा चेहरा असा का झालाय?

मिस्त्री : ब्याऐंशीला हात उडायला लागले तसं यांनी देवाचं नाव घेतलं. मग बायकोचं. मग मला म्हणाले, गाडी बाजूला घ्या. आणि चालवत होते हेच.

जावई : थोडं व्हायब्रेशन आहे. मान्य.

सासरे : थोडं? हात तुमचेच होते ना? चौतीस वर्षांचे?

मिस्त्री : नंतर भांडा. हे बघा, चाक वर-खाली धरून हलवतो. खुळखुळ नाही. म्हणजे बेअरिंग ठीक, जॉइंट ठीक. ब्रेकला थरथर नाही, म्हणजे डिस्क सरळ. आता गरकन फिरवतो... रिमही वाकलेली नाही. जावईसाहेब, इकडे या. रिमला आतून बोट लावा. काय लागतंय?

जावई : चिकट आहे काहीतरी. डिंकासारखं.

मिस्त्री : चौकोनी ना? इथे शिशाच्या पट्ट्या होत्या. कुठलंही चाक एका बाजूला गुंजभर जड असतं, म्हणून समोरच्या बाजूला वजन चिकटवतात. ते गेलं की चाक वेगात नाचतं. एखादी पट्टी आपोआप पडते, हो. पण चारीच्या चारी? आणि रिम तर आरशासारखी लख्ख. कोणी घासली?

सासरे : मी नाही.

जावई : ...त्या पट्ट्या कामाच्या होत्या? मला वाटलं, कोणीतरी ठिगळं मारलीयत. फार घाण दिसत होतं. पेचकसाने खरवडून काढल्या.

मिस्त्री : वा! चेहरा नीट पुसता येत नाही म्हणून तुम्ही माणसाचे कान काढून ठेवाल.

सासरे : थांबा, थांबा. तुम्ही माझी गाडी धुतलीत? सात वर्षांत तुम्ही स्वतःचा कप विसळलेला नाही. कशासाठी धुतलीत?

जावई : फोटो काढायचे होते.

सासरे : कसले फोटो?

जावई : जाहिरातीसाठी. म्हणजे पुढेमागे विकायची झालीच, तर. तीच म्हणाली, काढून ठेव.

सासरे : कधी?

जावई : पंधरा-सोळा दिवसांपूर्वी.

सासरे : म्हणजे थरथर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. गुन्हा व्हायच्या आधीच शिक्षा देऊन मोकळे!

जावई : बाबा, त्याच्याही आधी, जेवताना कितीदा...

सासरे : बाहेर जा. तिला फोन करा. दोष गाडीत निघाला आणि तो तुम्ही घातलात, याच शब्दांत सांगा. स्वतःचे शब्द वापरू नका, तुम्हाला सवय नाही खरं बोलायची. आणि ती जाहिरात टाकली असेल, तर काढून टाका.

मिस्त्री : जा जा. तोवर मी वजनं चिकटवतो आणि दोन्ही चाकं मशीनवर चढवतो.

सासरे : गेला. ठोंब्या. मुलीने हजार माणसांतून हा निवडला.

मिस्त्री : माझा जावई याहून ग्रेट. स्टेपनी पंक्चर झाली म्हणून गाडी ढकलत घरी आणली त्याने. ...हं. हे एक झालं. ...आणि हे दुसरं. सरळ फिरतंय बघा, काटा हलत नाही. जिंकलात, साहेब. आता तरी चहा घ्या.

सासरे : आणा. आता घेतो.

मिस्त्री : बशीसकट धरा, गरम आहे.

(कप बशीवर खडखडतो. चहा सांडतो.)

सासरे : तुमची बशी वाकडी आहे.

मिस्त्री : असेल.

सासरे : नाही. नाहीये वाकडी. ठेवा तो कप तिकडे, शर्ट भिजला. तुम्ही बोलत का नाही? बोलवा त्याला, सांगा.

मिस्त्री : मला ऐंशीला हलणाऱ्या गाडीचं विचारलं, मी गाडीचं सांगितलं. उभ्याउभ्या जे हलतं ते माझ्या जॅकवर चढत नाही.

सासरे : दिवसभर थापा मारता, आणि नेमकी इथे एक मारता येत नाही तुम्हाला.

मिस्त्री : लोण्याची गोष्ट खरी आहे, साहेब.

जावई : बाबा, जाहिरात टाकली होती, ती काढून टाकली. तिलाही सांगितलं, तुमच्याच शब्दांत. ती म्हणाली, किल्ली तुमच्याकडेच राहू दे. चला, मी मागून रिक्षाने येतो.

सासरे : रिक्षाने कशाला? ही घ्या किल्ली.

जावई : मी?

सासरे : नव्वदने न्या. चाकं आता हलत नाहीत, म्हणजे हात कुणाचे हलतात ते घरी जाईपर्यंत कळेल मला. पन्नासने नेलीत तर उतरवीन.

जावई : आणि तुम्ही?

सासरे : बाजूला बसतो. एकेचाळीस वर्षं झाली, त्या सीटवर कधी बसलोच नाही.