पोपटी परकर, लाल टपालपेटी

—आणि तेवढ्यात ट्राम आली बघ, हदार, म्हणून मॉरीनचं वाक्य अर्धंच राहिलं. "शुलामीथला कॉरोनेशनच्या पार्टीत फॅन्सी ड्रेसचं बक्षीस मिळालं ना, तो कॉस्च्युम तर मुळी—" एवढंच म्हणाली नि चढली. आता तूच सांग, असं अर्धं ऐकल्यावर माणसाला झोप लागेल का? आत ये ना, दारात काय उभी राहतेस. बूट राहू देत. तू फोटो परत न्यायला आलीयस, माहितीय मला, आईनंच पाठवलंय. ती स्वतः नाही यायची. चार घरं टाकून राहतो आम्ही, पण अकरा दिवस झाले, माझ्याशी बोललेली नाही. मी बेल वाजवली की वरचा पडदा हलतो नि खाली कुणी येत नाही. बस. मुंबईच्या ज्यू घरातली तू, तुला मराठी कळतं ना सगळं? तुझी आई, शुलामीथताई, म्हणते, कळतं, फक्त बोलायला लाजते. मी आपली टीप घालता घालता बोलते हं — उद्या सकाळी अकराला राणीच्या ज्युबिलीची पार्टी, आणि नातीच्या, अन्वीच्या परकराची किनार अजून तशीच लोंबतेय.

मी काय केलं? काही नाही केलं. हॉलमध्ये जुन्या पार्ट्यांचे फोटो लावायचेत, त्याची मीटिंग होती, तिथे चहा पिताना म्हटलं, की बाई ऐकलंय, तो ड्रेस तिचा नव्हताच, उसना आणलेला होता. उसना म्हटलं मी! चोरीचा म्हणाली ती शेजारी बसलेली सुप्रभा. बरं — बक्षीस खरं दुसऱ्या मुलीचं होतं, हेही मी म्हटलं असेन. आणि तो बक्षिसाचा, राणीचं चित्र असलेला कप शुलामीथताई कपाटात लपवून ठेवते, तेही. म्हणजे मी पाहिलाय ना तो, टॉवेलांच्या मागे! टॉवेल कशाला शोधत होते? ते जाऊ दे.

हा बघ फोटो. नीट ठेवलाय, प्लॅस्टिकमध्ये. त्रेपन्न साल, राणीच्या राज्याभिषेकाची पार्टी, हाच आपला रस्ता, एकही गाडी नाही. ही नाण्यावरची ब्रिटानिया झालीय, पातेल्याच्या झाकणाची ढाल घेऊन. हा काजळी फासलेला चिमणी झाडणारा. आणि ही लाल टपालपेटी — फोटोत काळीच दिसते म्हणा — ही मॉरीन! वडिलांनी तीन रविवार खपून पुठ्ठ्याची केली होती, आणि त्या दिवशी पावसानं सगळा पुठ्ठा मऊ पडला. अजून सांगते बिचारी. चौथी आली. कप तिघांनाच होते. आणि ही तुझी आई, आठ वर्षांची, परकर-पोलकं, दोन वेण्या, छातीवर 'ईस्टर्न प्रिन्सेस' लिहिलेलं कार्ड. दुसरा नंबर. पण हसत का नाहीय गं ही? सगळी पोरं दात काढतायत आणि ही कार्डावर हात ठेवून उभी, पोटात दुखल्यासारखी. मला वाटलं, झालं, हीच ती खूण. उसन्या कपड्यात माणूस असाच उभा राहतो.

खरं सांगू? राग होता माझा जुना. तू तेव्हा प्रॅममध्ये होतीस. सत्त्याहत्तरच्या ज्युबिलीला मी माझ्या वैजयंतीला नऊवारी नेसवली, नथ, चंद्रकोर, सगळं. मला इथे इंग्लंडात येऊन तीन वर्षं झालेली, रस्त्यात कुणी नाव विचारत नव्हतं, नि त्या दिवशी सगळ्या गोऱ्या बायका माझ्या पोरीभोवती! बिस्किटांचा डबा मिळाला. आणि तुझी आई गर्दीतून आली नि माझ्या कानात म्हणते, "रेखा, तिला घरी ने. फ्रॉक घाल. हे दिवाळीला घाल." एवढंच बोलली, पुढे काही नाही. मी म्हटलं, जळते. पंचवीस वर्षं मी तेच धरून बसलेय — आणि वर तिच्या घरची पुरणपोळीही खातेय.

काय म्हणालीस? परत सांग. कॉस्च्युम नव्हता म्हणजे?

तिचाच? मुंबईहून तिच्या आजीनं पाठवलेला पोपटी परकर? हं. पार्टी आहे म्हणून तिच्या आईनं चांगलं घातलं तिच्या अंगावर. आपण घालतोच की. स्पर्धेत नावसुद्धा नव्हतं? मग कार्ड — स्पर्धा घेणाऱ्या बाईनंच टाचलं? न विचारता, रेशमावर, टाचणीनं? अगं बाई. आणि घरी आल्यावर तिच्या आईनं तो परकर ट्रंकेत टाकला तो टाकलाच? सणालासुद्धा नाही?

सुई कुठे गेली. इथेच होती. चष्मा असून काय उपयोग. परवा अन्वीला हे घालून बघत होते तर विचारते, "आजी, पण मी कोण झालेय?" म्हटलं, प्रिन्सेस. तर म्हणते, "नाही, पण ही तर मीच आहे." मी हसले गं. फॉर्म भरून टाकला, 'इंडियन प्रिन्सेस', आठ वर्षांखालील. हा बघ, फ्रिजवर आहे — आता नाहीय. फाडला. अन्वी उद्या हेच घालून पार्टीला येईल, जेली खाईल, सांडेल अंगावर. स्पर्धेत नाही.

घे, फोटो घेऊन जा. हॉलमध्ये नको लावायला. आईला सांग, रेखा म्हणाली — नको. काही सांगू नकोस, मी सांगितलेलं सगळ्यांना भलतंच पोचतं. संध्याकाळी मीच येते, पडदा हलला तरी दारात उभी राहीन.

पण हदार — तुझी आई स्पर्धेत नव्हतीच, तर तिसरा कप मॉरीनचाच होता ना? एवढं तरी खरं निघालं की माझं. बघतेस काय अशी? जा आता. दार ओढून घे, गार वारा येतोय.