कोरडा डोंगा

चामोर्शीच्या एसटीत शगुफ्ता खिडकीशी बसली होती. वैनगंगेकाठच्या नौका-संग्रहालयाची संचालक म्हणून तिचा आज पहिला दिवस. मागच्या बाकावरचे दोघं तिला ओळखत नव्हते.

"श्रीहरीभाऊ, नव्या मॅडमच्या स्वागताले हार सोडून पाण्याची कॅन काऊन?"

"नदीचं पाणी हाय, अयूब. माह्या बापाचा डोंगा काचेत ठेवला त्याइनं. लाकूड कोरडं पडून तडकून राह्यलं. आमी ढिवर लोक उन्हाळाभर डोंगा पाण्यात बुडवून ठेवतो."

"जुन्या साहेबाले सांगतलं नाई?"

"सांगतलं ना. त्यानं काच पुसाले लावली."

"मॅडम आयकन का?"

"काय माहीत! समुद्राकडली हाय म्हन्ते."

शगुफ्ता मागं वळली.

"भाऊ, एका कॅननं भागेल का?"