वाघ इतिहासात गेला

साहेबाच्या कुत्र्याचं काय झालं, ते तुम्हाला सांगितलंच नाही मी! इंग्रज जायच्या आधी राजूरला मी जंगलखात्यात कारकून होतो. एक गोरा साहेब रतनगडाच्या जंगलावर अहवाल लिहायला आला. वाघ आहे म्हटलं की साहेब लोकांची शिकार ठरायची आणि हाका घालून रान उठवायला अख्खं गाव वेठीला धरलं जायचं. म्हणून गाव प्रत्येक साहेबाला एकच सांगायचं, वाघ नाही.

आमचा वाटाड्या कोंडाजीही तेच म्हणाला. पण शिवेवर वाघोबाचा दगड, त्यावर ताजा शेंदूर! साहेबानं छडी रोखली. "मग हे काय?"

"त्यो इतिहास हाय, साहेब. आज्याच्या येळंला हुता वाघ."

साहेब खूश. त्यानं माझ्याकडून वाघ 'प्राणी' या प्रकरणातून काढून 'इतिहास' या प्रकरणात घालून घेतला आणि झोकात सही ठोकली. शाई वाळायच्या आत कारवीच्या झुडपांतून बिबळ्या वाघ आला आणि साहेबाचा लाडका कुत्रा उचलून घेऊन गेला.

साहेब किंचाळला, "कोंडाजी! काय होतं ते?"

कोंडाजीनं शांतपणे हात जोडले. "इतिहासच हुता, साहेब. तुमीच लिवलाय."