शकुंतलाबाईंच्या छताची भेग

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष प्रभाकरराव, ज्यांनी हा मांडव घालून दिला ते आपल्या इमारतीचे बिल्डर निकेशभाऊ, सत्कारमूर्ती शकुंतलाबाई आणि समोर जमलेल्या पिपरी मेघेच्या शेजाऱ्यांनो,

ज्याच्याविरुद्ध बाईंनी दावा जिंकला त्यालाच प्रमुख पाहुणा म्हणून व्यासपीठावर बसवायचं, हे आपल्यालाच जमतं. निकेशभाऊ, आभार. मांडव बरा उभा आहे.

बाई आज लेकीकडे कारंज्याला निघाल्यात, पण हौसेनं नव्हे. त्यांच्या स्वयंपाकघराचा स्लॅब पाडून नवा घालायचाय, तोवर तिथं राहायची सोय नाही.

बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. बाईंच्या छताचा गिलावा ओट्यावर कोसळला, शेगडी-मिक्सरचा चुरा झाला. नशिबानं बाई देवघरात होत्या. निकेशभाऊ म्हणाले, हा अपघात, अख्ख्या इमारतीचा विमा आहे, विमा कंपनीकडे जा. विमा कंपनी म्हणाली, हे निकृष्ट काम, बिल्डरकडे जा. आपला काही संबंध नाही, यावर मात्र दोघांचं पूर्ण एकमत. शेवटी बाईंनी दोघांवर ग्राहक आयोगात दावा लावला. तिथं निकेशभाऊंच्या वकिलांनी तर सांगितलं, की वरच्या मजल्यावरच्या वर्षालीताई खलबत्त्यात मिरची कुटतात, त्यानं स्लॅब हलला. आता ठेच्यानं पडणारे स्लॅब वर्धा जिल्ह्यात घालावेतच कशाला?

आणि आपण काय केलं? नागपूरहून विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहणीला येणार म्हणताच वर्गणी काढून अख्ख्या इमारतीला रंग मारला. पाहुणा यायचा आणि घर असं? जिन्यातल्या, खांबावरच्या, घराघरातल्या भेगा पुट्टीखाली गेल्या. आपले सचिव अंकुशराव रंगारी घेऊन बाईंकडे पोचले, तर बाई दार अडवून उभ्या.

“अंकुश, तो सोयरीक जुळवाले नाई येऊन राह्यला. भेग पाहाले येऊन राह्यला. तिले पावडर काऊन लावतं?”

“काकू, लोक काय म्हणतीन?”

“लोकायच्या ओट्यावर नाई पडलं ना.”

सर्व्हेअरनं पोहे खाल्ले, रंगाचं कौतुक केलं आणि आपल्या सगळ्यांच्या घरांपुढे लिहिलं, नुकसान आढळले नाही. फोटो निघाले ते एकट्या बाईंच्या छताचे, गंजलेल्या सळयांसकट. त्यावरच निकाल लागला: वाईट काम निकेशभाऊंनी स्वखर्चानं नव्यानं करायचं आणि त्यापायी जे मोडलं त्याची भरपाई विमा कंपनीनं द्यायची. आपल्या भेगा अजून सुरेख रंगात आहेत.

बाईंनी आज शाल घेतली, नारळ घेतला. निकेशभाऊंना द्यायची घराची किल्ली मात्र अजून कमरेलाच आहे. मघाशी मी विचारलं तर म्हणाल्या, “एकडाव घर सोडलं अन् कामच नाई झालं, तं मी कोणाच्या दारी जाऊ? कधी सुरू, कधी खतम, ते चार लोकायसमोर सांगा. मंग किल्ली.”

मंडळी, बोलण्याच्या ओघात कोणाला टोचलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. अध्यक्षांची परवानगी घेऊन माईक निकेशभाऊंच्या हातात देतो. भाषण नको, नुसत्या तारखा सांगा. बाईंची गाडी गेटवर उभी आहे आणि सामान अजून वरच आहे.