बीरप्पाचं नाव मी सांगितलं

माझं नाव नरसिंग, गाव हुमनाबादकडच्या कोहिनूर खेड्याच्या पलीकडं, माळ संपून डोंगर सुरू व्हतोय तिथं. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात उर्दू, आमच्याकडं लेकरू बोलायला लागलं की तिन्हीत रडतंय. बापाचं रान सगळं खडकाचं, त्यात काय पिकणार, म्हणून विशीत डोंगरावर गवत कापायच्या मजुरीला गेलो आन् तिथंच वणवा इझवायच्या टोळीत शिरलो. पुढं त्या टोळीचा मेस्त्री, म्हंजे मुकादम, झालो. बारा उन्हाळे मेस्त्री हुतो, हुतो म्हणायलोय, आता न्हाई.

काय सांगू तुम्हाला ताई, लोकांना वाटतंय वणवा म्हंजे पाणी मारायचं काम. कुठलं पाणी? तिथं प्यायला न्हाई. करंजाची न्हाईतर सीताफळीची हिरवी फांदी तोडायची आन् आगीला झोडपत जायचं, फांदी कमरेच्या वर उचलायची न्हाई, उचलली की ठिणग्या मागं उडत्यात. लईच मोठी आग असली तर पुढं जाऊन गवत कापून पट्टा मोकळा करायचा आन् तिथनं आपणच उलटी आग लावायची, ही आग त्या आगीला जाऊन भिडती, दोघीलाबी खायला काय उरत न्हाई, मग मरत्यात. ही उलटी आग लावायचं काम एकट्या मेस्त्रीचं. काडीपेटी त्याच्याच खिशात, बाकीच्यांनी बिडीबी गावात ओढून यायचं. आन् उभं राहायचं ते काळ्यावर, जळून गेलेल्या जागेवर, कारण जे जळलंय ते परत जळत न्हाई. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी तेवढंच सांगायचो, काळ्यावर राहा बाबा, जगशील.

आग लागती कशानं म्हणून विचारत्यात. लागती कुठली, लावत्यात. मध काढणारा धूर करून तसाच जातोय, गाडीतनं कुणी बिडी फेकतंय, देवाला आलेले लोक मटण शिजवून निखारे तसेच टाकून जात्यात. मी राखंत घोरपड मेलेली बघितलोय, आन् तिच्या बाजूला बिर्याणीची ताटं, वितळून दगडाला चिकटलेली. दोन दिवस भाकर गेली न्हाई. माणसाची शिसारी तिथनंच सुरू झाली माझी, पण तवा मी त्या माणसात स्वतःला धरत नव्हतो.

आता ते सांगतो. गेल्या उन्हाळ्यात सकाळी डोंगराला आग लागली, आम्ही सात जण चढलो, दुपारी दोनला सगळी इझवली. डोळे लाल, ओठ फुटलेले, काळ्यावर पडून पाणी प्यायलोय तंवर खालून जीप आली. जंगल खात्याचा साहेब, त्याच्यासंगं कुणी पाहुणा आन् फोटोवाला. साहेब म्हणला आग कुठंय? म्हणलं इझवली की साहेब. तोंड पडलं त्याचं, आग इझली म्हणून. माझ्या टोळीतला म्हातारा मल्लप्पा, लई चावट, मराठीत हळूच म्हणतोय, मेस्त्री, वऱ्हाड जेवून उठल्यावर नवरदेव आलाय, आता परत अक्षता टाका म्हणतंय बघ. आम्ही हसलो. आन् साहेब खरंच तेच म्हणला. म्हणला थोडी लाव, तिकडं गवत चांगलं हाय, पाच मिनटाचं काम. आन् तुझी माणसं काळ्यावर नको, फोटोत दिसत न्हाईत, पिवळ्या गवतात उभी कर.

म्हणलं साहेब, उन्हं कलली की माळावर हवा फिरती. तो म्हणला, मेस्त्री तू का मी? मेस्त्री मीच, म्हणून काडी मी ओढली. ज्या माणसांना बारा वर्षं काळ्यावर राहा म्हणलो त्यांना मीच हाताला धरून गवतात उभं केलो, आन् ते राहिले, कामून म्हणून एकानं विचारलं न्हाई, मेस्त्री म्हणतोय तर राहिले. थू.

हवा फिरली. माणसं वाचली, मल्लप्पाची पिंढरी तेवढी भाजली. पण आग वरची कड ओलांडून पलीकडं गेली, आन् पलीकडं बीरप्पाचा वाडगा, मेंढरं कोंडायचं काट्याकुट्याचं कुंपण. बीरप्पा म्हंजे धनगर, कन्नड बोलणारा, मेंढरं घेऊन वर्षानुवर्षं त्याच डोंगरावर. धूर दिसला की पयला निरोप त्याचाच यायचा आम्हाला. त्यो पळत आला, अंगावरची घोंगडी काढून आगीला झोडपायला लागला, कमरेच्या वर न उचलता, आमच्यासारखंच. घोंगडी जळाली, वाडगा जळाला, वाडग्यातली चार कोकरं गेली.

खाली येताना साहेब जीपमधनं म्हणला, इकडं मेंढरं कोण चारतंय? मी म्हणलो, बीरप्पा. एवढंच. विचारलं म्हणून सांगितलं, रस्ता विचारल्यावर सांगावं तसं. तिसऱ्या दिवशी सायबाच्या ऑफिसातनं कागद आला, मेंढपाळ बीरप्पानं नवं गवत फुटावं म्हणून आग लावली, खाली मेस्त्रीची सही पायजे. सही न्हाई केलास तर टोळी बंद म्हणले. मी घरी सांगितलो, सहा घरांचा सवाल हाय. खोटं ताई, ते निमित्त. मला मेस्त्री राहायचं हुतं. केली सही.

बीरप्पाला डोंगर बंद झाला. त्यो मेंढरं घेऊन हुमनाबादकडं गेला, हायवेच्या कडंला, धाब्याच्या मागं, लॉऱ्यांच्या धुरात चारायला लागला. मल्लप्पा माझ्यासंगं बोलायचा थांबला. जोक न्हाई, शिवी न्हाई. शिवी दिला असता तर बरं हुतं. दोन महिने मी तोंड धुताना आरशाकडं बघितलो न्हाई, मग एक दिवस लेकीकडनं अर्ज लिहून घेतलो, आग मी लावली, सायबाच्या सांगण्यावरनं लावली, बीरप्पाचा काय संबंध न्हाई. ऑफिसातला कारकून वाचून हसला, मेस्त्री, ही सही तुझीच, तीबी तुझीच, खरी कुठली धरू? म्हणलं ही धर. मला काढून टाकायला एक दिवस लागला. बीरप्पाला डोंगर परत मोकळा करायला मात्र अजून चौकशी चालू हाय. दर सोमवारी जातोय मी, कागद वर गेलाय म्हणत्यात. वर म्हंजे कुठं, कोण सांगंना.

बीरप्पाला जाऊन सगळं सांगितलो. पाया पडायला वाकलो तर त्यो बाजूला सरला. म्हणला, मेस्त्री, आग लावलास ते सायबानं लावायला लावलं. सही दटावून घेतली. पण माझं नाव तुझ्या तोंडातनं कुणी ओढून काढलं नव्हतं. एवढं म्हणून मेंढरामागं गेला.

खरं हाय त्याचं. सायबाची किळस येती, पण सायबाला इसरता येतंय, हे तोंड संगंच फिरतंय.

आता काम न्हाई. दुपारी बस धरून हुमनाबादला जातोय. मागच्या महिन्यात त्याची दोन मेंढरं लॉरीखाली गेली, तवापासनं मी काठी घेऊन रस्त्याच्या बाजूनं उभा राहतोय, एकबी डांबरावर चढू देत न्हाई. त्यो बोलवत न्हाई, हाकलतबी न्हाई. माझ्याकडं बघतबी न्हाई. नको बघू दे. त्याला त्याचा डोंगर मिळू दे, त्याच्या मेंढरांचं भलं होवो. तंवर ही बाजू माझ्याकडं.