मॅकचं शेपूट

अरे, आमच्या सावंतसाहेबांची अक्कल ऐक! आमचं अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर चालतं फक्त विंडोजवर, आणि मुलुंडच्या डेंटिस्ट मॅडमकडे मॅक. मी म्हटलं, "सर, मॅकसाठी वेगळं पॅकेज बनवावं लागेल. वेळ द्या."

"वेळ कशाला रे? फाइलच्या नावामागचं विंडोजचं शेपूट काढ, मॅकचं लाव. झालं!"

स्वतःच नाव बदलून हा शहाणा डेमोला बसला. क्लिकवर क्लिक, सॉफ्टवेअर ढिम्म. वर मॅडमनाच सुनावतो, "तुमचा मॅक बिघडलाय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं, "बिघडलं काही नाही, सरांनी नुसतं नाव बदललंय."

मॅडम त्याला म्हणाल्या, "उद्या मी दारावर हार्ट सर्जनची पाटी लावते. याल ना बायपासला?"